प्रकल्प नोंदी: अभ्यासिकेचे लॅपटॉप, डेबियन आणि आतल्या चिप

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पुण्यातल्या एका ऑफिसने काढून टाकलेले लॅपटॉप भाऊबीज उलटल्यावर कराडला येऊन पडले. वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी आहेत. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. यातले बहुतेक चौथ्या आणि सहाव्या पिढीचे, म्हणून ऑफिसला नकोसे झाले आणि आपल्या वाट्याला आले.

ग्रंथपाल मॅडमच्या अपेक्षा साध्या आहेत. पीडीएफ उघडावी, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवता याव्यात, व्याख्यानं हेडफोनवर ऐकू यावीत, मराठी टाइप व्हावं. "आणि मुलांनी मला सारखं हाक मारू नये," ही शेवटची अट. तीच अवघड.

डेबियन १३ (विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स) टाकायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये आलंय, कर्नल (हार्डवेअर हाताळणारा गाभा) ६.१२ आहे, म्हणजे निदान पाच-सहा वर्षांपूर्वीच्या हार्डवेअरसाठी फार खटपट करावी लागू नये. दुसरं कारण फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चढवायचा छोटा प्रोग्राम. पूर्वी डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये वाय-फायचं फर्मवेअर नसायचं. ते वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉलर मागेल तेव्हा द्या, असा सगळा सोहळा. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन ते इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि १२ पासून तसं येतं.

आज इन्स्टॉल काहीच केलं नाही. प्रत्येक मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) सुरू केलं, एलएसपीसीआय आणि एलएसयूएसबी या आतलं हार्डवेअर दाखवणाऱ्या कमांड चालवल्या, आलेली यादी फाइलमध्ये साठवली.

२६ ऑक्टोबर

यादी मांडून बसलो. पहिला रकाना 'मॉडेल' असा आखला होता, तो खोडला.

दोन मशीन शेजारी शेजारी: स्टिकर एक, मॉडेल नंबर एक, वर्ष एक. एकात रियलटेकचं वाय-फाय, दुसऱ्यात ब्रॉडकॉमचं. कारखान्यात त्या आठवड्यात जे कार्ड हाताशी असेल ते बसवून मोकळे होतात. त्यामुळे "अमुक मॉडेलवर लिनक्स चालतं का हो?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. कुणाचं चाललेलं असतं, कुणाचं नसतं, आणि दोघंही खरंच सांगत असतात.

खरी ओळख म्हणजे प्रत्येक चिपचा आयडी. एलएसपीसीआयला एनएन हा पर्याय दिला की ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी येते. पहिली चार बनवणाऱ्याची, पुढची चार त्या चिपची. रियलटेक म्हणजे १०ईसी, ब्रॉडकॉम म्हणजे १४ई४. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ (आपल्याच जुन्या प्रसिद्ध चिपचा नंबर) घेतलाय, हौस आहे. ड्रायव्हर शोधायचा तो या जोडीने.

त्या हिशेबाने तीन ढीग झाले:

'क' ढीग, सहाव्या पिढीचा आय-३, वाय-फाय १०ईसी:बी७२३, म्हणजे रियलटेक ८७२३बीई.
'ख' ढीग, बहुतेक चौथी पिढी, वाय-फाय १४ई४:४३६५, म्हणजे ब्रॉडकॉम ४३१४२.
'ग' एकच आहे. दहावी पिढी, एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी), वाय-फाय १०ईसी:सी८२१. बिजागरी मोडलीय म्हणून दिलाय, नाहीतर कोण देतंय.

शिवाय एक जुनं अ‍ॅटमवालं नेटबुक. त्याचं नंतर.

१ नोव्हेंबर, शनिवार

'ख' घेतले. अंदाज होता तसंच झालं: इन्स्टॉल गुळगुळीत, वाय-फायचं नावनिशाण नाही. फर्मवेअर सोबत आलं तरी ४३१४२ साठी कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. बी४३ नावाचा खुला ड्रायव्हर आहे, पण ही चिप त्याच्या यादीत बसत नाही. चालतो तो ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंद ड्रायव्हर, डब्ल्यूएल. त्याची मूळ शेवटची आवृत्ती २०१५ ची. तेव्हापासून कर्नल बदलला की वेगवेगळ्या डिस्ट्रोंची (डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकारांची) माणसं त्याला ठिगळ लावतात आणि तो पुढे ढकलला जातो.

पॅकेजचं नाव ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस, डेबियनच्या नॉन-फ्री (बंद सॉफ्टवेअरच्या) विभागात. हा विभाग वेगळा सुरू करावा लागतो. इन्स्टॉलर आपणहून सुरू करतो तो नॉन-फ्री-फर्मवेअर, दोन्ही एक नव्हेत. सोबत कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) हवेतच, कारण डीकेएमएस हा प्रोग्राम ड्रायव्हर तिथल्या तिथे कंपाइल (कोडपासून तयार) करतो.

पण पॅकेज आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी पॅकेज हवं. उपाय खिशातच असतो. फोन चार्जिंगच्या केबलने जोडायचा, फोनवर यूएसबी टेथरिंग सुरू करायचं. लिनक्सला तो तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. फोन स्वतः वाचनालयाच्या वाय-फायवर असला तरी चालतं, डेटा जळत नाही.

कंपाइल झालं. मॉड्यूल (तयार झालेला ड्रायव्हर) चढवायला गेलो तर उत्तर आलं की किल्ली नामंजूर.

२ नोव्हेंबर

सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय. डेबियनचा कर्नल डिजिटल सहीचा असतो, पण इथे घरी कंपाइल केलेल्या ड्रायव्हरवर आपली स्थानिक सही, ती बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) माहीत नाही. डीकेएमएस किल्ली तयार करून ठेवतो. ती मोकयूटिल या कमांडने नोंदवायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं. तेव्हा निळा पडदा येतो. तो दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही तर गाडी पुढे निघून जाते आणि नोंदणी राहून जाते. चहा आणायला जाऊ नये. पडद्यावर 'एनरोल मोक' निवडायचं, पासवर्ड, रीबूट. एका मशीनवर हे सगळं रीतसर केलं, वाय-फाय आलं.

मग बाकीच्या 'ख' वर सिक्युअर बूट सरळ बंद केलं आणि बायॉसला पासवर्ड टाकला. कट्टर मंडळी नाक मुरडतील. पण उद्या कुणी यावर पुन्हा डेबियन टाकलं की नवी किल्ली तयार होणार, निळा पडदा पुन्हा येणार, आणि तेव्हा मी इथे असेनच असं नाही. बँकेचं मशीन असतं तर वेगळा विचार केला असता.

८ नोव्हेंबर

'क' पैकी दोन इन्स्टॉलनंतर उठेनात. "बूट डिव्हाइस नाही." डिस्क ठणठणीत, डेबियन डिस्कवर आहे, बायॉसच्या यादीत त्याचं नावही दिसतं. तरी नाही.

काही बायॉस इतके हट्टी असतात की यादीत काहीही असो, ते ईएफआय विभाजनात (डिस्कच्या बूट-विभागात) मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधली फाइल शोधतात, नाहीतर ठरलेल्या राखीव जागेवरची. डेबियन आपलं ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं, तिकडे हे ढुंकून बघत नाहीत. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमध्ये जायचं. तिथल्या मेनूत ग्रब जबरदस्तीने 'रिमूव्हेबल मीडिया'च्या जागी टाकायचा पर्याय आहे. टाकलं, दोन्ही उठले. उरलेल्या 'क' वर एक्सपर्ट इन्स्टॉलमध्ये हाच प्रश्न विचारला जातो तेव्हा 'हो' म्हटलं.

९ नोव्हेंबर

'क' चालू झाले आणि खरा तमाशा सुरू झाला. पंखा फिरतोय, कुणी काही उघडलेलं नाही, जर्नल (सिस्टिमची नोंदवही) बघावं तर एकच ओळ धबाधबा:

पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड, टाइप फिजिकल लेयर, पोर्ट १सी.५.

वाचेपर्यंत पुढच्या शे-दोनशे आलेल्या. जर्नलने डिस्कची जागा खायला सुरुवात केलेली. जर्नलला कमाल मर्यादा असते, त्यामुळे डिस्क काही पूर्ण भरत नाही, पण कामाच्या नोंदी या कचऱ्याखाली गाडल्या जातात.

पीसीआयई म्हणजे कार्डं जोडणारी आतली वाट; तिच्या पोर्ट १सी.५ च्या पलीकडे कोण बसलंय ते एलएसपीसीआयच्या झाडाच्या चित्रात दिसतं: तेच ८७२३बीई. 'करेक्टेड' म्हणजे डेटाचं पाकीट बिघडलं, पण पुन्हा मागवून घेतलं, काम अडलं नाही. जोडणी वीज वाचवायला झोपते आणि उठताना अडखळते, असा हा प्रकार. या वीज-बचतीला एएसपीएम म्हणतात.

यावर दोन इलाज सर्रास सांगितले जातात. एक, कर्नलला 'पीसीआय=नोएईआर' सांगायचं. त्याने ओळी थांबतात, चुका चालूच राहतात; लहान मूल रडतंय म्हणून कानात कापूस घालण्यातला प्रकार. दुसरा, 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ'. त्याने मुळात चुकाच होत नाहीत, बॅटरी थोडी जास्त जाते. अभ्यासिकेतली मशीन दिवसभर चार्जरला लावलेली, त्यामुळे दुसरा. ग्रबच्या फाइलीत लिहिलं, अपडेट-ग्रब, रीबूट. जर्नल गप्प.

वाय-फाय मात्र अजून मरतुकडंच. राउटर भिंतीच्या त्या बाजूला आहे आणि काड्या एक-दोनच.

१५ नोव्हेंबर

अभ्यासिकेत एमपीएससी करणारा एक मुलगा सकाळी येऊन म्हणाला, "दादा, फोनवर फुल्ल रेंज आहे, याच्यावर नाही. राउटरच बदला ना." राउटर बदलून काही होणार नव्हतं. आयडब्ल्यू या कमांडने मोजलं: राउटरपासून दोन मीटरवर सिग्नल उणे ८४ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). इतक्या जवळ उणे ४५-५० यायला हवा. उणे ८४ म्हणजे अँटेना जोडलेलीच नसल्यासारखं.

मागचं झाकण खोललं. या मॉडेलला तळाचे दोन स्क्रू रबरी पट्टीखाली लपवलेत, ते विसरून ओढलं की कड तुटते. आत कार्डावर सोनेरी रंगाच्या दोन बारक्या घुंड्या, मोहरीहून थोड्या मोठ्या. एकीवर काळी तार. दुसरी मोकळी. दुसरी तार नाहीच. स्क्रीनच्या कडेने खाली येणारी केबल एकच. कंपनीने एक अँटेना वाचवली. त्यात तसं वावगं काही नाही, ही चिप एका अँटेनावर चालते. घोळ पुढे आहे: चिपच्या स्वतःच्या मेमरीत कोणती घुंडी वापरायची ते कारखान्यात लिहिलेलं असतं, आणि इथे लिहिलंय मोकळ्या घुंडीचं नाव.

ड्रायव्हरला यासाठी एक पॅरामीटर आहे, अँट_सेल. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या कमांडच्या) फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल: ऑप्शन्स, ड्रायव्हरचं नाव, अँट_सेल=२. मॉड्यूल काढून परत चढवलं.

उणे ५१.

तो मुलगा शेजारीच उभा होता. "झालं?" म्हणाला, आणि बॅग ठेवून बसला.

१६ नोव्हेंबर

काल रात्री विचार करत होतो की सॉफ्टवेअरमध्ये सांगण्यापेक्षा तारच उचलून दुसऱ्या घुंडीवर का लावू नये. मग कुणी काहीही इन्स्टॉल केलं तरी चालेल. दोन गोष्टी आड येतात. विंडोजचा ड्रायव्हर या चुकीच्या नोंदीला सांभाळून घेतो, तार हलवली की तिकडे बिघडतं. आणि त्या यू.एफएल घुंड्या साधारण तीस वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेल्या असतात. एका 'क' वरची आधीच सैल आहे. म्हणून पॅरामीटरच ठेवला. प्रत्येक मशीनच्या पोटाशी मराठीत चिठ्ठी चिकटवली: काय लिहायचं, कुठल्या फाइलीत.

हा पॅरामीटर २०१६ मध्ये लॅरी फिंगर यांनी टाकला. रियलटेक आणि त्याआधी ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी इतकी वर्षं त्यांनी केलेलं काम बघितलं की वाटतं, हा माणूस आयुष्यभर हेच करत असणार. तर नाही. पेशाने ते खनिजांचे स्फटिक अभ्यासणारे शास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या जिओफिजिकल प्रयोगशाळेतले. एल साल्वादोरच्या इझाल्को ज्वालामुखीत सापडलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून फिंगराइट म्हणतात. वायरलेसचा उद्योग मुख्यतः निवृत्तीतला. जून २०२४ मध्ये ते गेले. त्या पॅचच्या (कोडातल्या बदलाच्या) वर्णनात त्यांनी सरळ लिहिलंय की झाकण उघडून तार हलवावी तर वॉरंटी जाऊ शकते आणि विंडोजही सोबत असेल तर तिकडचं बिघडतं. माझ्या रात्रीच्या विचाराचं उत्तर नऊ वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं.

२२ नोव्हेंबर

'ग'. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. जर्नलमध्ये कर्नल स्वच्छ शब्दांत सांगतो: एक एनव्हीएमई डिस्क आड ठेवलेली सापडली, बायॉसमध्ये डिस्कचा 'रेड' मोड बदलून 'एएचसीआय' करा. इंटेलच्या आरएसटी या डिस्क हाताळायच्या सोयीमुळे डिस्क कंट्रोलरच्या मागे लपते. बायॉसमध्ये बदललं, दिसली. विंडोज ठेवायचं असतं तर हा बदल आधी त्याच्या सेफ मोडमधून पचवावा लागला असता, नाहीतर ते उठत नाही. इथे प्रश्न नव्हता.

वाय-फाय पहिल्या झटक्यात. ८८२१सीई ला कर्नल ५.९ पासून ड्रायव्हर आहे. त्याआधी हेच कार्ड घेऊन लोक रात्र-रात्र बाहेरून कोड आणून कंपाइल करत बसायचे.

माइक मेला होता. स्पीकर चालतात, माइक नाही. या पिढीत डिजिटल माइक इंटेलच्या वेगळ्या ध्वनी-प्रोसेसरमागे असतो आणि त्याला एसओएफ फर्मवेअर लागतं. फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड टाकलं, रीबूट, आला.

रात्री झाकण मिटून ठेवला.

२३ नोव्हेंबर

सकाळी 'ग' ची बॅटरी निम्म्यावर. नुसता झोपलेला असून. पॉवर फोल्डरमधली मेम_स्लीप फाइल वाचली: एसटूआयडल आणि डीप (खरी गाढ झोप) दोन्ही आहेत, चालू निवडीचा कंस एसटूआयडलभोवती. म्हणजे फोनसारखी अर्धवट झोप. कर्नलला मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप सांगितलं. पुढच्या पिढ्यांत बऱ्याच मशीनमध्ये बायॉस डीप देतच नाही, तिथे हा इलाज नाही; यात आहे. मुलं बटणाने बंद करत नाहीत, झाकण आपटून उठतात, त्यामुळे हे जमणं गरजेचं होतं.

झोपेतून उठल्यावर एकदा टचपॅड गेला. आय२सी-एचआयडी-एसीपीआय मॉड्यूल काढून परत घातलं की येतो. पुन्हा झाला तर झोप-जागेला जोडून स्क्रिप्ट टाकेन, एकदाच झाल्यावर नाही.

नेटबुक: ३२ बिट, १ जीबी रॅम. डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही काढलेत. जुनं काही टाकून ब्राउझर रांगवण्यात अर्थ नाही. चार्जर काढून घेतला, मशीन ई-कचऱ्याच्या खोक्यात.

२९ नोव्हेंबर

पुण्याला गेलो होतो, तापकीर गल्लीतून इंटेल ७२६५ ची वापरलेली कार्डं आणली, 'ख' मधला डब्ल्यूएलचा जाच एकदाचा संपावा म्हणून. घेताना एक बघायचं: कार्डाच्या नावात एएक्स२०१ किंवा ९५६० दिसलं तर ते सीएनव्हीआय जातीचं. त्याचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो, खाच जुळली म्हणून जुन्या मशीनमध्ये चालत नाही. दुकानदार "बसतंय ना, मग झालं" म्हणतात. एएक्स२०० किंवा ७२६५ पूर्ण स्वतंत्र.

'ख' मध्ये बसवलं. मशीन सुरूच होईना: काळ्या पडद्यावर ओळ, की हे वायरलेस कार्ड मान्य नाही, काढा. बायॉसमध्ये परवानगीच्या कार्डांची यादी आहे आणि त्यात हे नाही. बदललेल्या बायॉसच्या फाइली मिळतात म्हणे; दुसऱ्याच्या देणगीच्या मशीनवर तो खेळ करणार नाही. 'ख' डब्ल्यूएलवरच राहतील, कर्नल अपडेट मी आल्याशिवाय कुणी करायचं नाही असं मॅडमना सांगितलंय. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

आणलेली कार्डं 'क' मध्ये घातली, तिथे कसली कुरकुर नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच, एक अँटेना असली तरी मुख्य घुंडीवर लावून उणे ४८. एएसपीएम परत चालू करून बघितलं, जर्नल शांत. त्या मशीनच्या पोटावरची चिठ्ठी काढली.

६ डिसेंबर

किरकोळ. कीबोर्डवर ₹ हवा होता: 'इंग्रजी, भारत, रुपयासह' हा लेआउट निवडला की उजव्या ऑल्टसोबत ४. मराठीसाठी आयबसमध्ये (टायपिंगची भाषा बदलायच्या सोयीत) इनस्क्रिप्ट कीबोर्ड. टायपिंगची परीक्षा दिलेल्या मुली त्यावर माझ्या चौपट वेगाने लिहितात.

'ग' चा बोटांच्या ठशाचा सेन्सर: एलएसयूएसबीत आयडी दिसतो, एलआयबीएफप्रिंटच्या (लिनक्समधल्या ठसा-सेन्सरच्या ड्रायव्हरच्या) यादीत तो नाही. सोडून दिला. अभ्यासिकेत सामाईक खातं आहे, कुणाचा ठसा घेणार.

त्याच ऑफिसचा फोन आला, जानेवारीत आणखी काही देतील. मॉडेलांची यादी पाठवू का, विचारत होते. मी डेबियनची लाइव्ह पेनड्राइव्ह कुरिअरने पाठवतोय. प्रत्येक मशीन त्यावर सुरू करून एचडब्ल्यू-प्रोब (हार्डवेअरची यादी करून वेबवर टाकणारा प्रोग्राम) चालवा आणि आलेला दुवा कळवा, एवढंच मागितलंय. सिरियल नंबर तो उघड करत नाही, त्यामुळे त्यांच्या आयटीवाल्यांचीही हरकत नाही. १४ई४:४३६५ दिसला तर ते मशीन नको म्हणून सांगणार.